मी सुजाता बोलतेय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आई-दादा होते तेव्हा त्यांनाही नाही. जिला सांगायला हवं ती आत्ता पलीकडच्या खोलीत झोपलीय. दुपारची गोळी घेतली की तिला दोन तास झोप लागते. आणि मी इथं स्वयंपाकघरात, मुलीच्या अर्ध्या कोऱ्या वहीत हे लिहितेय. बोलून सांगायला मला जमणार नाही. आवाजावर माझा भरवसा नाही — माझ्या स्वतःच्या आवाजावर तर मुळीच नाही.

माझं नाव करुणा. नावाला हसायचं तर हसा. मीही हसते कधीकधी.

आत झोपलीय ती माझी मोठी बहीण, सुजाता. मी तिला आक्का म्हणते. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. आम्ही बजाजनगरात वाढलो. दादा, म्हणजे आमचे वडील, वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर होते, आई घरी शिवणकाम करायची. दोन खोल्या, एक मोरी, समोर कडुनिंब. चेहऱ्यानं आम्ही बहिणी वाटायचोसुद्धा नाही — ती उंच, काळीसावळी, रेखीव. मी बुटकी, गोल. पण आवाज एक. अगदी एक. आई आतून हाक मारायची आणि आमच्यातली कुणीतरी ‘आले’ म्हणायची, तर आई विचारायची, "कोण येतंय गं, सुजी का करुणा?" जिनं आम्हाला जन्म दिला तिला कळायचं नाही. दादा कंपनीतून फोन करायचे तेव्हा आधी दोन-तीन वाक्यं नुसती चाचपायचे. मी मुद्दाम नाव सांगायची नाही. ते हमखास चुकायचे, आणि मी खिदळले की म्हणायचे, "एक दिवस लई मार खाशील तू या नादानं."

आवाज एक असला तरी तो वापरायची रीत दोघींची वेगळी. आक्का एका खासगी शाळेत मराठी शिकवायची. ती वर्गात कविता वाचायला लागली की बाजूच्या वर्गातली पोरं गप्प होतात, असं तिच्या हेडमास्तरांनी दादांना सांगितलं होतं. भीमजयंतीला आमच्या विहारासमोर मांडव पडायचा. दरवर्षी तिला भाषण करायला उभी करायचे. ती ओरडायची नाही. मोठ्या माणसांनी माइक कानठळ्या बसेपर्यंत वापरलेला असायचा, आणि मग ही यायची आणि खालच्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द ठेवल्यासारखी बोलायची. पार मागं उभ्या असलेल्या बाया डोळ्यांना पदर लावायच्या. मी त्यांच्यातच उभी असायचे. मला अभिमान वाटायचा, हे खरं. आणि त्याच वेळी मनात यायचं — हाच आवाज माझ्याकडं पण आहे, मग माझं कुणी का ऐकत नाही? हेही खरं.

मी टेलिफोन ऑपरेटर होते. वाळूजच्याच दुसऱ्या एका कंपनीत, गेटजवळच्या काचेच्या खोलीत. आम्हाला शिकवायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. बोलताना ओठांवर हसू ठेवायचं, समोरच्याला ते ऐकू जातं. साहेब जाग्यावर नाहीत असं खोटं सांगायचं असेल तर घाई करायची नाही. नकार द्यायचा तर आवाज चढवायचा नाही, शेवटच्या शब्दावर अलगद खाली आणायचा, म्हणजे माणूस पुन्हा विचारत नाही. मी हे सगळं पटकन शिकले. वर्षभरात मी असे नकार द्यायला लागले, की लोक मला धन्यवाद देऊन फोन ठेवायचे.

बघा, कशी आडवळणानं चाललेय. मूळ गोष्टीकडं यायचंय, पण पाय निघत नाही.

आक्काच्या शाळेत सतीश नावाचे गणिताचे शिक्षक होते. कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातले, मराठा, घरची चांगली वीस-पंचवीस एकर बागाईत. शाळेच्या गॅदरिंगला निवेदन दोघं मिळून करायचे. तिथून ते वाढत गेलं असावं. आक्कानं मला सांगितलं तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं, माझ्याकडं पाठ करून. "ते लग्नाचं विचारतायत," म्हणाली. मी विचारलं, "आणि त्यांच्या घरचे?" तिनं चादर झटकली आणि म्हणाली, "ते आणि त्यांचे मामा येणारेत रविवारी दादांना भेटायला. मामा तयार झालेत. घरच्यांचं नंतर बघू म्हणतात."

दादांना तिनं स्वतः सांगितलं. दादा म्हणाले, "येऊ दे. माणूस बघू. पण सुजे, ती लोकं उंबऱ्यापर्यंत येतेत, आत येत नसतेत. ध्यानात ठेव." तेवढंच. पण त्यांनी येऊ दे म्हटलं, हे विसरून चालणार नाही. कंपनीत तीस वर्षं ज्यांनी ताठ मान ठेवली, त्या माणसानं मुलीसाठी ती थोडी वाकवली होती.

आता माझं. त्याच महिन्यात मलाही एक स्थळ आलं होतं. आपल्यातलंच, मुलगा जिल्हा परिषदेत कायम नोकरीला, पुंडलिकनगरात स्वतःचं घर. मला तो पाहता क्षणी आवडला होता. त्याची आई बघायला आली, चहा-पोहे झाले, सगळं झालं, आणि दारात चप्पल घालताना माझ्या आईला हळूच म्हणाली, "मोठीचं काय ऐकतोय आम्ही? बाहेरचं करणार व्हय? तसं असंल तर आम्हाला इचार करावा लागंल, ताई. आम्हाला अजून दोन पोरी उजवायच्यात." आक्का तेव्हा बाहेर गेली होती. आईनं मला बजावलं, हे सुजीच्या कानावर जाता कामा नये. तिच्या कानावर ते गेलं नाही. पण मी ऐकलं होतं. आठ दिवस मी तेच ऐकत होते — गेटच्या खोलीत, बसमध्ये, अंथरुणात.

उन्हाळ्याची सुट्टी होती. गुरुवार. दुपारचे तीन वाजले असतील. आक्का आणि आई रविवारच्या तयारीची खरेदी करायला गुलमंडीवर गेल्या होत्या. दादा पहिल्या पाळीहून यायचे होते. माझी साप्ताहिक सुट्टी. फोन वाजला. मी उचलला, हॅलो म्हटलं.

पलीकडून विचारलं, "सुजाता?"

इथं जरा थांबते. कारण तेव्हा थांबता आलं असतं, ते इथंच. ‘आक्का बाहेर गेलीय, मी करुणा’ — किती शब्द आहेत? मोजा. एवढेच बोलायचे होते.

मी म्हटलं, "हं."

एक हुंकार. शब्दसुद्धा नाही. पुढं जे काही झालं ते त्या एका हुंकारावर झालं. खरं सांगू? पहिल्या क्षणाला मी ठरवलं नव्हतं. जुनी खोड होती, चेष्टा. दोन वाक्यांनी हसून सांगणार होते. पण ते बोलायला लागले. गावातल्या कुठल्यातरी दुकानातून बोलत होते, मागं मोटारसायकलींचा आवाज. म्हणाले, आई दोन दिवस जेवली नाही, भाऊ बोलत नाही, पण मामा पक्के आहेत, रविवारी अकराला निघतो. मग म्हणाले, "तू एकदा म्हण, या म्हणून. तुझ्या तोंडून ऐकलं की मला बळ येतं. बाकी मी बघतो."

आणि मी म्हटलं, "येऊ नका."

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी पुन्हा म्हटलं. मग मी बोलत गेले. मला वाटलं होतं शब्द सुचणार नाहीत. छे — पाण्यासारखे आले. म्हटलं, मी खूप विचार केला. तुमच्या घरात मी खपणार नाही. तुम्ही मला घरात घ्याल, पण माझा पेला वेगळाच राहील. आज आई जेवत नाही, उद्या माझ्या हातचं जेवणार नाही. आणि तुमच्यासारखी माणसं आमच्यासारखींवर प्रेम करतात ती स्वतःला मोठं वाटावं म्हणून. मला तुमचे उपकार नकोत. दोन वर्षं मी भिडेखातर गप्प बसले. पुन्हा फोन करू नका, भेटू नका, माझ्या दादांचा अपमान करायला इथं येऊ नका.

एकदाही आवाज चढवला नाही. शेवटच्या शब्दावर अलगद खाली आणला.

यातलं सगळ्यात घाण काय आहे, तुम्हाला सांगते. मी जे बोलले ते जगात खोटं नव्हतं. माझ्या आजीनं तो वेगळा पेला पाहिला होता. दादांनी गावच्या शाळेत दाराबाहेर बसून बाराखडी गिरवली होती. आक्का मांडवात उभी राहून हेच सांगायची आणि बाया रडायच्या. मी तेच उचललं — माझ्या माणसांचं खरं दुःख — आणि माझं लग्न मोडू नये म्हणून एका भल्या माणसाच्या तोंडावर मारलं. आक्काच्या आवाजात. म्हणून तर त्यांनी विश्वास ठेवला. दुसरं काही बोलले असते तर कदाचित भांडले असते. याच्यावर ते काय भांडणार?

ते म्हणाले, "बरं." थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "बरं." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी आक्का आली. साडीची पिशवी खुर्चीवर ठेवत तिनं विचारलं, "कुणाचा फोन आला होता का गं?"

मी म्हटलं, "नाही."

रविवारी तिनं पहाटे उठून घर पुसलं. फिकट जांभळी साडी नेसली. दादांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घातला आणि दहापासून दाराकडं तोंड करून खुर्चीत बसले. अकरा झाले, बारा झाले. एकच्या सुमाराला आईनं झाकून ठेवलेला शिरा पुन्हा गरम केला. मी काय करत होते? मी शेजारच्यांकडून आणलेल्या कपबश्या पुसत होते. पुसलेल्या पुन्हा पुसत होते. अडीचला दादांनी शर्ट काढून खुंटीला अडकवला. म्हणाले, "येत नसतेत ते. म्हणलो होतो मी." आक्काला एक शब्द लागेल असा बोलले नाहीत, पण त्यांच्या आवाजात जो एक हलका सुटकेचा सूर होता, तो तिलाही ऐकू आला. तिच्या चेहऱ्यावरून मला ते कळलं.

दोन दिवसांनी तिनं त्यांच्या गावी फोन लावला. त्यांच्या आईनं उचलला, ‘नाय घरी’ म्हणून आपटला. आक्कानं दुसऱ्यांदा लावला नाही. मागून घेणाऱ्यातली ती नव्हतीच. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कळलं, सतीश सरांनी संस्थेच्या कन्नडच्या शाळेत बदली करून घेतली. तिथंच त्यांचं पुढं लग्न झालं, मुलं झाली.

माझंही झालं. दिवाळीनंतर, जिल्हा परिषदेतल्या त्याच मुलाशी. नवरा चांगला मिळाला. हे मी कडवटपणानंच लिहितेय — वाईट मिळाला असता तर निदान काहीतरी फिटलं असं म्हणता आलं असतं. बावीस वर्षं मी पुंडलिकनगरच्या या घरात सुखात आहे. आक्कानं लग्न केलं नाही. स्थळं आली, ती नको म्हणत गेली. आधी आईचं आजारपण काढलं, मग दादांचं. दोघांना शेवटचं पाणी तिनं पाजलं. मी सणावाराला डबे घेऊन जायचे. लोक म्हणायचे, सुजाताबाईंनी आयुष्य आई-बापाला वाहिलं. मीही म्हणायचे.

आणि सतीशबद्दल — ती कधी वाईट बोलली नाही. एकदाही नाही. एकदा मीच खोदून विचारलं, राग येत नाही का गं? म्हणाली, "काहीतरी घडलं असणार. तो माणूस खोटं बोलणारातला नाही. आवाजावरून कळतं मला." आवाजावरून! मी ताट उचललं आणि मोरीत गेले.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, की आवाजाची एक नस गाठीत गुरफटलीय, वाचेलच असं नाही. वाचली नाही. ऑपरेशन नीट झालं, आजार आटोक्यात आला, पण आवाज गेला. अगदी मुकी नाही झाली. हवा निसटते तसं बोलते — नुसती फुंकर, तिच्यात शब्दांची टोकं. हाताच्या अंतरावर बसलं तरच कळतं. शाळा सोडावी लागली. मी तिला आमच्याकडं आणलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. नणंद म्हणाली, बहीण असावी तर अशी.

फोनवर तिचं कुणाला काही ऐकूच जायचं नाही. बँक, गॅस, पेन्शनचं ऑफिस — समोरचे ‘हॅलो हॅलो’ करून ठेवून द्यायचे. ती चिडून रडायची. मग तिनंच एकदा फोन माझ्या हातात दिला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तू बोल ना. तुझा आवाज तोच तर आहे." त्या दिवशी मी गॅसवाल्याला म्हटलं, मी सुजाता बोलतेय. ती शेजारी बसून हसत होती. इतकी खूश झाली, की माझा हात धरून ठेवला. म्हणाली, "माझा आवाज तुझ्याकडं ठेवायला दिलाय असं समजते."

मी काय केलं असेल? मीही हसले.

यावर्षीच्या मार्चमधली गोष्ट. शाळेच्या जुन्या शिक्षकांचा मोबाइलवर ग्रुप झाला. त्यात सतीश सर नव्हते, पण एका बाईंकडं त्यांचा नंबर होता. आक्कानं तो मागून घेतला. चार दिवस तसाच ठेवला. मग एका सकाळी, माझा नवरा ऑफिसला आणि मुलगी कॉलेजला गेल्यावर, ती माझ्यापुढं तिचा फोन घेऊन बसली. केस विंचरले होते, कपाळाला टिकली लावली होती. फोनवर बोलायला कुणी टिकली लावतं का?

म्हणाली, "सतीशला लाव. भांडायचं नाही, रडायचं नाही. त्या रविवारी का आला नाहीत, एवढंच विचार. माझ्या नावानं."

मी म्हटलं, "आक्का, आता कशाला? त्यांचा संसार आहे. आणि विचारायचंच तर तू मेसेज लिही."

"लिहिलेल्यात काय कळतं?" ती म्हणाली. "आणि त्याला माझा हा असला आवाज ऐकवायचा नाही मला. जुना ऐकू दे. एकदाच."

मी लावला. दुसरं काय करणार होते? — नाही, हे खोटं लिहिलं. खूप काही करता आलं असतं. तिथंच, त्या सतरंजीवर बसून तिला सांगता आलं असतं. मी नंबर लावला. ती माझ्याजवळ सरकली आणि स्पीकर लावण्यासाठी बोट पुढं केलं. मी म्हटलं, "घरात रेंज येत नाही," आणि उठून गॅलरीत गेले. दार लोटून घेतलं. काचेतून ती दिसत होती. तिचे डोळे माझ्या ओठांवर होते.

त्यांनी उचलला. मी म्हटलं, "मी सुजाता बोलतेय."

ते म्हणाले, "बोला." आवाज जाड झाला होता, पण तो थरथरत होता.

मी विचारलं, "त्या रविवारी तुम्ही का आला नाहीत?"

ते हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, "हे तुम्ही मला विचारता? तुम्हीच तर —" आणि मध्येच थांबले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग वेगळ्याच, अगदी शांत सुरात म्हणाले, "कोण बोलतंय?"

"सुजाता."

"नाही," ते म्हणाले. "सुजाता शाळेत हजार माणसांपुढं घडाघडा बोलायची. पण माझ्याशी एकटीनं बोलताना तिला शब्द सापडायचे नाहीत. अडखळायची. एक वाक्य तीनदा सुरू करायची. त्या दिवशी फोनवर एकदाही अडखळली नाही. मला वाटलं, माणूस मनापासून रागावलं की नीट बोलतं. इतकी वर्षं मी हेच समजून चाललो." मग म्हणाले, "तुम्ही तिची बहीण ना? करुणा? तेव्हाही तुम्हीच होता का?"

हे मला माहीत नव्हतं हो. ती अडखळते, हे. एका घरात बावीस वर्षं वाढले तिच्याबरोबर, तिचा आवाज म्हणजे माझाच असं समजत होते — आणि तो एका माणसापुढं मोडून पडतो, हे मला कधी कळलंच नाही.

मी फोन कापला. त्यांचा लगेच पुन्हा आला. मी तो कापला, आणि तिच्या फोनवर त्यांचा नंबर ब्लॉक केला. माझी बोटं अजिबात थरथरली नाहीत. मग दार उघडून आत गेले.

ती काही विचारायच्या आधीच मी बोलायला लागले. म्हटलं, घरच्यांनी अडवलं. मामांनी पण ऐन वेळी माघार घेतली. म्हणाले, माझी हिंमत झाली नाही.

"तो म्हणाला असं? हिंमत झाली नाही?"

"व्हय."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "आवाज कसा वाटला?"

"म्हातारा," मी म्हटलं. "कंटाळलेला. आपण फोन केला ते त्यांना आवडलेलं दिसलं नाही."

हे शेवटचं वाक्य सांगायची काय गरज होती? तिनं विचारलंही नव्हतं. पण मला भीती वाटली, की ती पुन्हा लावायला सांगेल. म्हणून मी ते दार कायमचं लावून टाकलं.

ती रडली नाही. उठली, टिकली काढून आरशाला चिकटवली. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी माझ्या जवळ येऊन म्हणाली, "दादा बरोबर होते. मीच मूर्ख." तिच्या त्या फुंकरीत एवढा विखार मावेल असं मला वाटलं नव्हतं. बावीस वर्षं तिनं त्या माणसाला मनात चांगल्या जागी ठेवलं होतं. कशाच्या आधारावर, तर त्याच्या आवाजाच्या. तेवढंच तिच्याकडं त्याचं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्या ग्रुपमधूनही बाहेर पडली.

आणि त्याच सकाळी तिनं तिची लोखंडी पेटी उघडली. बजाजनगरहून आणलेली. तळातून एक कॅसेट काढली. मी ती पहिल्यांदाच पाहत होते. विचारलं तेव्हा म्हणाली, गॅदरिंगची आहे. शाळेतल्या शिपायानं भरून घेतली होती. दोघांचं निवेदन आहे तिच्यात, तासभर. एक वाक्य त्यांचं, एक तिचं. तिच्या तरुणपणीचा आवाज आणखी कुठंच नाही; तेव्हा कुणाकडं होते मोबाइल?

घंटागाडी गल्लीत आली होती. आक्का कॅसेट घेऊन जिना उतरली. मी गॅलरीतून पाहत होते. तिनं फीत ओढून काढली नाही, तोडफोड केली नाही. भाजीच्या सालींच्या बादलीत ती ठेवली, बादली गाडीवाल्याच्या हातात दिली, आणि रिकामी होऊन परत येईपर्यंत उभी राहिली.

मला हाक मारता आली असती. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत हळूहळूच जाते, दर घरापाशी थांबते. माझ्या हाकेला दुसऱ्या मजल्यावरून टोकापर्यंत पोचण्याइतका आवाज होता. मी ती वळेपर्यंत पाहत राहिले.

आक्का वर आली. मी तिच्या हातातून बादली घेतली आणि धुऊन पालथी घातली.